ॲम्बॅसॅडरचे इंजिन परत बसवले; आता इग्निशन आणि अल्टरनेटरच्या वायरी कशा जोडाव्यात?

अनगोळची अँबी

मंडळी, नमस्कार. माझ्याकडे १९७३ सालची ॲम्बॅसॅडर मार्क टू आहे. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बेळगावच्या उद्यमबागेत बोअरिंग आणि क्रँकचे काम करून आणले असून ते आता गाडीत बसले आहे. अडचण वायरिंगची आहे. ज्या मेस्त्रींनी इंजिन उतरवले ते दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेले, आणि वायरींवर एकही चिठ्ठी नाही.

आधीच्या मालकाने मूळचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवला होता. त्यामुळे पुस्तकातली आकृती एक सांगते आणि बॉनेटखाली दुसरेच दिसते. कॉइलजवळ दोन वायरी मोकळ्या आहेत, एक पांढरी आणि एक पांढरी-काळी. अल्टरनेटरजवळही दोन आहेत, एक जाड तपकिरी-पिवळी आणि एक बारीक तपकिरी-हिरवी. अल्टरनेटरच्या पाठीमागे बी-प्लसचा बोल्ट, डी-प्लस आणि डब्ल्यू अशा तीन जागा आहेत. कटआउटची, म्हणजे डायनामोचे चार्जिंग सांभाळणारी, जुनी पेटी अजून तशीच लटकते आहे. डिस्ट्रिब्युटरही बाहेर काढलेला होता.

कोणती वायर कुठे लावावी, आणि काही जळू नये म्हणून कोणत्या क्रमाने लावावी, हे कृपया सांगावे.

खानापूर रोड

सगळ्यात आधी बॅटरीची अर्थची वायर काढून बाजूला बांधून ठेवा. पुढचे सांगायला इथे जाणकार आहेत.

शहापूरचा वायरमन

या गाड्यांच्या वायरींचे रंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचे असतात आणि ते एकदा समजले की निम्मे काम होते. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी, फ्यूज नसलेली वायर. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. पांढरी-काळी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे पॉइंटकडे जाते, आणि काळी नेहमी अर्थची असते. म्हणून पांढरी कॉइलच्या 'एसडब्ल्यू' किंवा प्लस खुणेच्या टोकाला आणि पांढरी-काळी 'सीबी' किंवा मायनस खुणेच्या टोकाला लावावी. गाडीत अल्टरनेटर आहे म्हणजे गाडी बहुधा निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला बांधलेली असणार, तरीही बॅटरीचे कोणते टोक बॉडीला बांधलेले आहे ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. अल्टरनेटरला उलटी बॅटरी एक क्षणभर जरी लागली तरी आतले डायोड जातात.

चार्जिंगच्या वायरींबद्दल सांगायचे, तर जाड तपकिरी-पिवळी ही पूर्वी डायनामोच्या 'डी'ला होती, ती आता बी-प्लसला जाईल. बारीक तपकिरी-हिरवी ही डायनामोच्या फील्डची वायर होती. अल्टरनेटरला तिचा उपयोग नाही, तेव्हा टोकाला स्लीव्ह चढवून ती बांधून टाकावी.

टिळकवाडी कट्टा

आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींचा नियम याहून सोपा होता. काम संपल्यावर जी वायर उरेल ती कंपनीने जादा दिलेली असते.

घटप्रभेची लेक

अण्णा, इग्निशनबद्दल तुम्ही सांगितलेले सर्व मान्य आहे, परंतु तपकिरी-हिरवी वायर बांधून टाकण्याचा सल्ला मला पटत नाही.

माझ्या वडिलांचे गोकाकजवळ गॅरेज होते आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवण्याची कामे मी लहानपणापासून पाहिली आहेत. अशा कामात नवी वायर ओढण्याचा कंटाळा केला जातो आणि डायनामोच्याच दोन वायरी वापरल्या जातात. कटआउटच्या पेटीत डी (डायनामोकडचे), ए (बॅटरीकडचे) आणि ए-वन (दिवे व किल्लीकडचे) या तिन्ही टोकांच्या वायरी एकत्र बांधल्या की डायनामोची जाड वायर बॅटरीपर्यंत थेट पोचते आणि तीच बी-प्लसची होते. पेटीच्या डी टोकावर डॅशबोर्डच्या चार्जिंग दिव्याचीही एक बारीक वायर असते. ती तिथून सोडवून फील्डच्या वायरीला जोडतात, आणि मग तपकिरी-हिरवी वायर दिव्याची वायर बनून डी-प्लसला जाते. रंग फील्डचा आणि काम दिव्याचे, असा हा प्रकार असतो. ती बांधून टाकली तर चार्जिंगचा दिवा लागणार नाही, आणि दिव्यातून येणारा सुरुवातीचा थोडा प्रवाह न मिळाल्यामुळे बहुतेक अल्टरनेटर आयडलवर चार्जिंगच सुरू करणार नाही.

तेव्हा आधी पेटीचे झाकण उघडा. आतल्या वायरी एकत्र बांधलेल्या आहेत की अजून कटआउटच्या आपापल्या टोकांवर आहेत, हे पाहिल्याशिवाय अल्टरनेटरला हात लावू नका.

अनगोळची अँबी

झाकण उघडले. जाड वायरी एका पितळी बोल्टवर एकत्र आवळलेल्या आहेत आणि त्यावर इन्सुलेशन टेप आहे. दोन बारीक वायरी पिळून जोडल्या आहेत, पण त्यांचे रंग तेलामुळे ओळखू येत नाहीत. खात्री कशी करावी?

शहापूरचा वायरमन

ताई म्हणतात तसेच दिसते आहे. रंगावर विसंबून मी जे सांगितले ते मूळ वायरिंगला लागू पडते. या गाडीला तपासणीच हवी. ती अशा क्रमाने करा.

बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या आणि त्याचा चिमटा इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला लावा. अल्टरनेटरजवळच्या दोन्ही वायरी हवेत मोकळ्या असताना बॅटरी जोडा, किल्ली बंदच ठेवा. आता ज्या वायरीवर लॅम्प पूर्ण उजेडाने लागतो ती बॅटरीला थेट जोडलेली आहे आणि तीच बी-प्लसची. ही वायर बॉडीला कदापि टेकवू नये, कारण तिच्यात बहुधा फ्यूज नसतो आणि एका ठिणगीत पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वितळू शकतो. त्यानंतर किल्ली 'ऑन' करा आणि बारीक वायरीवर लॅम्प लावा. ती चार्जिंग दिव्याची असेल तर टेस्ट लॅम्प आणि डॅशचा दिवा दोन्ही मंद लागतील, कारण ते एकामागोमाग जोडले गेलेले असतात. एवढे दिसल्यावरच बारीक वायरीचे टोक क्षणभर बॉडीला टेकवा. डॅशचा दिवा पूर्ण उजळला पाहिजे.

तपासणी झाली की किल्ली बंद करा, बॅटरी पुन्हा काढा आणि मग जोडणी करा. डब्ल्यूची जागा रिकामी सोडा. ती स्टेटरच्या एका फेजवरून काढलेली असते आणि डिझेल गाड्यांत टॅकोमीटरसाठी वापरतात.

चोर्ला घाट

यात भर एवढीच की डॅशच्या त्या दिव्याच्या जागी कोणी हौसेने एलईडी बसवला असेल तर तो काढून दोन-तीन वॅटचा साधा बल्ब लावावा. एलईडीतून जाणारा प्रवाह इतका कमी असतो की अल्टरनेटर जागा होत नाही. दिवा अजिबात न ठेवता किल्लीची वायर थेट डी-प्लसला जोडण्याचा जुगाडही मी पाहिला आहे. त्यात किल्ली बंद केली तरी अल्टरनेटर त्याच वायरीतून कॉइलला उलटा प्रवाह पुरवतो आणि इंजिन चालूच राहते. खानापूरच्या बाजारात अशी एक गाडी गियरमध्ये टाकून, क्लच सोडून बंद करावी लागत असे.

निपाणीकर मामा

चार्जिंगचे मार्गी लागले असे दिसते. आता डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे आमच्या भाषेत डेलकोकडे, थोडे सविस्तर वळू या, कारण इंजिन खोलल्यानंतर 'वायरिंगचा प्रॉब्लेम' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा दोष तिथेच निघतो.

एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. अंगठ्यावर दाब आला म्हणजे एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर येतो आहे. पुलीची खाच टायमिंग कव्हरच्या खुणेशी जुळेपर्यंत पुढे न्या. खाच जुळली एवढ्यावर समाधान मानू नका, कारण ती एक्झॉस्टच्या वेळीही तशीच जुळते. टॅपेट कव्हर उघडे असेल तर चार नंबरच्या व्हॉल्व्हकडे पाहा. एक मिटत असताना दुसरा उघडू लागला असेल, तर एक नंबर फायरिंगवर आहे. या वेळी रोटर ज्या टोकाकडे पाहतो, त्या टोकाला एक नंबरची प्लगवायर लावायची. या इंजिनात रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. म्हणून उलट्या दिशेने पुढच्या टोकांना अनुक्रमे ३, ४ आणि २ येतात. इतर गाड्यांत रोटरची दिशा वेगळी असू शकते, तेव्हा फियाट किंवा जीपवाल्यांनी हे वाचून आंधळेपणाने वायरी लावू नयेत; सेल्फ मारून रोटर कोणीकडे फिरतो ते पाहावे.

डिस्ट्रिब्युटरच्या तळाचा दात मध्यापासून सरकलेला असतो, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. यामुळे लोक निर्धास्त होतात. पण इंजिनातले त्याचे ड्राइव्हचे गियर बाहेर काढले असेल, तर ते चुकीच्या दातावर किंवा पूर्ण उलटे बसू शकते. बोअरिंगला गेलेल्या इंजिनात ते निघालेले असणारच, हे धरून चाला.

पॉइंटचा गॅप १४ ते १६ थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. पॉइंटच्या खुंटीवर कंडेन्सरची आणि पांढऱ्या-काळ्या वायरीची अशा दोन्ही थिंबल पॉइंटच्या स्प्रिंगला टेकल्या पाहिजेत, आणि खुंटीला किंवा प्लेटला मात्र मुळीच टेकता कामा नयेत. मधला प्लॅस्टिकचा बुश खाली-वर बसला की पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि स्पार्क नाहीसा होतो. हे तपासायलाही टेस्ट लॅम्प पुरतो. चिमटा अर्थला आणि टोक कॉइलच्या सीबीला लावून, किल्ली ऑन ठेवून इंजिन हाताने फिरवा. पॉइंट उघडले की लॅम्प लागतो, मिटले की विझतो. तो सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थची लवचिक वायर तुटली आहे. मुळीच लागला नाही तर एक तर खुंटी अर्थ झाली आहे, नाहीतर कॉइलपर्यंत करंटच आलेला नाही. याच लॅम्पने स्टॅटिक टायमिंगही लावता येते. पुली तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातल्या अंशावर आणून, लॅम्प नेमका उजळतो त्या जागी डिस्ट्रिब्युटर आवळायचा.

तपासणी चालू असताना किल्ली तासन्‌तास ऑन ठेवू नये. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापत राहते.

मलप्रभाकाठ

मामा, एक भर घालतो. तीन आणि चार नंबरच्या प्लगवायरी लांबवर एकमेकींना चिकटून नेऊ नयेत. १-३-४-२ मध्ये तीननंतर लगेच चार येतो. तीनच्या वायरीतून चारमध्ये स्पार्क उतरला, तर चारचा पिस्टन त्या वेळी दाब घेत वर येत असतो आणि अवेळी फायर होतो. एक व दोन यांचेही तसेच. दिसायला छान म्हणून चारही वायरी टायने एकत्र बांधण्याची हल्लीची पद्धत याच कारणासाठी वाईट आहे.

घटप्रभेची लेक

प्लगवायरींवरून आठवले. वडिलांच्या गॅरेजमध्ये एक जीप ओढत आणली होती. दुसरीकडे इंजिनचे काम झाल्यापासून ती दोनच सिलिंडरवर चालत होती आणि कार्ब्युरेटरमधून फटाके फुटत होते. तिच्या प्लगवायरींवर चिकटपट्टीचे आकडे होते, परंतु ते कन्नडमध्ये लिहिलेले होते आणि पुन्हा जोडणारा कारागीर मराठी आकड्यांचा. कन्नडमधले दोन आणि तीन घाईत लिहिले की सारखेच दिसतात. त्यामुळे एक आणि चार बरोबर फायर होत होते, तर दोन आणि तीन पूर्ण एक फेरा चुकून. वडिलांनी दोन वायरी बदलल्या आणि जीप सुरळीत चालू लागली. त्यानंतर आमच्या गॅरेजमध्ये आकडे लिहिणे बंद झाले आणि वायरीला जितक्या गाठी तितका तिचा नंबर, असा दोरा बांधण्याची पद्धत आली. आपल्या भागात ती अजूनही उपयोगी पडावी.

टिळकवाडी कट्टा

गाठींची पद्धत निःपक्षपाती आहे. दोन्ही बाजूंच्या समितीने मंजूर करावी.

हिंडलग्याचा फौजी

सर्व जण वायरींबद्दल बोलत आहेत आणि अर्थकडे कोणीच पाहत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसते, त्यामुळे ते बॉडीपासून तुटलेले असते. दोघांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी इंजिन उतरवताना काढतात, आणि परत बसवताना तीच हमखास विसरली जाते. मग सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. त्या केबल लाल होऊन आतले आवरण जळालेली गाडी मी कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये पाहिली आहे, आणि तिथे सर्व जण सेल्फलाच दोष देत बसले होते.

दुसरे असे, की आपण हौसेने ब्लॉक रंगवतो, ब्रॅकेट रंगवतो, बॉडी तर रंगवतोच. अल्टरनेटरचा मायनस हा त्याच्या ब्रॅकेटमधूनच इंजिनला मिळतो. जिथे बोल्ट बसतो तेवढी जागा घासून चकचकीत करा, आवळा, आणि मग वरून ग्रीस लावा. डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पखालची जागाही याच पद्धतीने घासा.

खानापूर रोड

एक मूलभूत प्रश्न विचारतो. १९७३ ची गाडी आहे, तर मूळचा डायनामो परत का बसवू नये? केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, परंतु ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. पुढे व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर आताच ठरवलेले बरे.

शहापूरचा वायरमन

अल्टरनेटर बसवणे म्हणजे इंजिनात फेरफार, असे कोणी म्हणेल असे मला वाटत नाही. पण डायनामोची बाजू मी घेईन, कारण आयुष्यभर मी तेच दुरुस्त केले. लुकासच्या सी-फोर्टीसारखा डायनामो फार तर २२ अँपिअर देतो आणि आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही. पण त्याचे ब्रश कोणत्याही गावात घासून बसवता येतात. तो बसवलाच तर फील्डची वायर काढून, डायनामोच्या 'एफ' टोकाला बॅटरीच्या जिवंत बाजूचा क्षणभर स्पर्श द्यावा लागतो, म्हणजे त्याची पोलॅरिटी गाडीशी जुळते. हा स्पर्श अल्टरनेटरला मात्र कधीही देऊ नये. तसेच, पूर्वी डायनामो चालतो की नाही हे पाहण्यासाठी चालू गाडीची बॅटरी काढून बघत असत. अल्टरनेटर असताना तसे केले तर व्होल्टेजची उसळी येऊन डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही जातात.

चोर्ला घाट

ज्याला रात्री हेडलाइट, वायपर आणि पंखा लावून घाट चढायचा आहे, त्याने अल्टरनेटरच ठेवावा. आमच्याकडच्या पावसाळ्यात २२ अँपिअर पुरत नाहीत.

अनगोळची अँबी

सर्वांचे मनापासून आभार. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. जाड वायर किल्ली बंद असताना जिवंत निघाली आणि तपकिरी-हिरवी वायर टेकवल्यावर डॅशचा दिवा पूर्ण लागला. ती डी-प्लसला लावली. अर्थची पट्टी खरोखरच सामानाच्या डब्यात पडलेली होती. ती जागा घासून बसवली. चार नंबरचे व्हॉल्व्ह पाहून डिस्ट्रिब्युटर लावला, सीबीवर लॅम्प व्यवस्थित लागतो-विझतो. काल इंजिन सुरू झाले आणि चारही सिलिंडर धरतात.

आता एकच शंका राहिली आहे. दिवसा चार्जिंगचा दिवा विझतो, परंतु रात्री हेडलाइट लावले की तो अगदी मंद लागलेला दिसतो. मल्टिमीटरने हेडलाइट चालू ठेवून मोजले असता अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.२ व्होल्ट आणि बॅटरीच्या टोकावर १२.८ व्होल्ट येतात. अल्टरनेटर खराब आहे का?

निपाणीकर मामा

नाही, अल्टरनेटर उत्तम आहे. मधल्या वायरीत १.४ व्होल्ट हरवत आहेत. त्या दिव्याच्या एका बाजूला डी-प्लस, म्हणजे अल्टरनेटरच्या आतले व्होल्टेज, आणि दुसऱ्या बाजूला किल्लीतून आलेले गाडीचे व्होल्टेज असते. दोन्ही सारखी असली की दिवा विझतो, आणि फरक राहिला की तेवढाच मंद लागतो. तुमची जाड वायर डायनामोच्या २२ अँपिअरच्या हिशेबाची आहे आणि वाटेत त्या पितळी बोल्टचा जोड आहे. झाकण उघडून हेडलाइट चालू असताना तो बोल्ट हाताला गरम लागतो का पाहा.

घटप्रभेची लेक

जोड साफ करून फरक कमी होईल, पण टिकाऊ उपाय म्हणजे बी-प्लसपासून सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फच्या विद्युत स्विचच्या, बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत नवी, निदान सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट ओढणे. तिच्या बॅटरीकडच्या टोकाजवळ अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा मोठा फ्यूज टाका. अल्टरनेटर ४५ अँपिअरचा असेल तर ६० चा चालेल, आणि सहापेक्षा बारीक वायर असेल तर इतका मोठा फ्यूज टाकू नका. लग क्रिंप करून बसवावेत, नुसते पिळून आवळू नयेत. हार्नेस एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर बांधा.

अनगोळची अँबी

मग जुनी जाड तपकिरी-पिवळी वायर काढून टाकू का?

घटप्रभेची लेक

ती हार्नेसमधून ओढून काढायला जाऊ नका, बाकीच्या वायरी दुखावतील. अल्टरनेटरकडून सोडवा आणि पेटीतल्या पितळी बोल्टवरूनही सोडवा, मग दोन्ही टोकांना स्लीव्ह चढवा. एकच टोक सोडवले तर ते जिवंतच राहील. त्या बोल्टवरच्या ए आणि ए-वनच्या वायरी मात्र तशाच एकत्र ठेवा, कारण बॅटरीकडून गाडीतल्या दिव्यांना आणि किल्लीला जाणारा प्रवाह त्यांच्यातूनच जातो.